आंतरधर्मीय संवाद गट चालवायचाय? मग आधी क्रम नीट लावा

"सर्वधर्म संवादाचा कार्यक्रम घेतोय, वक्ते कोणते बोलवू?" असा फोन किंवा मेसेज मला कायम येतो आणि दर वेळी मी हेच सांगते की वक्ते राहू द्या, मुलं कोण आहेत ते आधी सांगा. कारण होतं काय, हॉल बुक होतो, बॅनर छापला जातो, एक गुरुजी, एक मौलाना, एक फादर, एक भन्तेजी असे स्टेजवर बसतात, प्रत्येक जण दहा मिनिटं शांततेवर बोलतो, शेवटी हात उंचावून फोटो होतो आणि ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ती पोरं मागच्या रांगेत मोबाईलमध्ये असतात. कुणी कुणाला एक प्रश्नसुद्धा विचारलेला नसतो.

दुसरा प्रकार याच्या बरोब्बर उलटा. कुणीतरी उत्साही कार्यकर्ता पहिल्याच बैठकीत धर्मांतर, गोमांस, हिजाब असला विषय टेबलावर टाकतो, अर्ध्या तासात आवाज चढतात आणि पुढच्या रविवारी निम्म्या मुलींना घरून पाठवत नाहीत. विषय चुकीचे नसतात हो, त्यांची वेळ चुकीची असते. दोन्ही ठिकाणी बिघडतो तो क्रम.

हे मी लिहितेय ते १६ ते २३ वयाच्या मुलामुलींसोबत काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे एनएसएसचे प्रोग्राम ऑफिसर, मंडळाचे कार्यकर्ते, वस्तीतली अभ्यासिका किंवा फुटबॉल टीम चालवणारे, चर्चचा युवक गट बघणारे वगैरे. उदाहरणं पुण्याची आहेत कारण माझं काम इथलं. मालेगाव, वसई, नांदेड, सोलापूर कुठेही पत्ते बदला, क्रम हाच ठेवा. साधारण दहा ते बारा आठवडे, आठवड्याला एक बैठक, दोन तासांची. एवढा वेळ नसेल तर सरळ एखादी क्रिकेट मॅच भरवा, ती जास्त उपयोगाची, अर्धवट संवाद करू नका.

१. आधी चालवणारी टीम

एकट्याने हे चालवू नका, कितीही चांगली भावना असली तरी. दोन किंवा तीन जण हवेत, वेगवेगळ्या धर्माच्या घरांतले, आणि त्यात किमान एक बाई हवीच, नाहीतर मुली पहिल्या बैठकीनंतर येत नाहीत आणि आल्या तरी बोलत नाहीत.

मुलांना बोलवायच्या आधी या तिघांनी एकमेकांसमोर बसून काही गोष्टी बोलून घ्यायच्या. मला दुसऱ्या धर्मातलं काय खटकतं? कुठल्या ठिकाणी जायला मला अवघड वाटतं? माझ्या स्वतःच्या धर्मातल्या कशाबद्दल मला राग येतो? मुलांना जे करायला सांगणार ते आधी स्वतः करून बघायचं, आणि हे बोलताना टीममध्येच अवघडलेपण आलं तर उत्तम, ते आत्ताच येऊन जाऊ दे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठरवून ठेवा, की एखाद्या मुलाने "मला धर्म बदलायचाय" किंवा "मी आता देव मानत नाही" असं सांगितलं तर काय करायचं. माझं उत्तर असं की गट त्याला ढकलत नाही आणि अडवतही नाही, त्याने गटात विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर नेत नाही, आणि त्याच्या जिवाला किंवा सुरक्षेला धोका दिसला तरच जबाबदार मोठ्या माणसाला मध्ये घेतो. हे आधी ठरलेलं नसेल तर त्या क्षणी तिघं तीन वेगळी उत्तरं देतात.

*इथे थांबून बघा:* टीममधल्या कुणाला आतून वाटतंय का की या निमित्ताने मुलांना "खरा धर्म" समजावू? किंवा "धर्म म्हणजे अंधश्रद्धा" हे शिकवू? दोन्ही माणसं चांगली असतील, पण हे काम त्यांचं नाही.

२. मुलं किती आणि कुठून

बारा ते सोळा. वीसच्या वर गेलात की ते भाषण होतं, आठच्या खाली गेलात की दोघं गैरहजर राहिले तरी बैठक पडते.

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे पंधरा मुलं एका बाजूची आणि एकच मुस्लिम मुलगा किंवा एकच ख्रिश्चन मुलगी. मग जगात कुठेही काहीही झालं तरी सगळ्या माना त्या एकाकडे वळतात, आणि त्या पोराला कोट्यवधी लोकांच्या वतीने उत्तर द्यावं लागतं. म्हणून कुठल्याही समाजातले किमान दोघं, जमलं तर तिघं. पारशी किंवा बेने इस्राएली (म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू) घरातलं एकच मूल मिळालं तर हरकत नाही, पण त्याला आधीच बाजूला घेऊन सांगा की "तू फक्त तुझ्या घराबद्दल बोल, बाकीचं माहीत नाही म्हणालास तरी चालेल, गप्प बसलास तरी चालेल".

आणि 'हिंदू', 'मुस्लिम' असे चार डबे करून मोजू नका. वारकरी घर, लिंगायत घर, देवीचं नवरात्र पाळणारं घर यात फरक आहे. बोहरा आणि सुन्नी घरात फरक आहे, कॅथलिक आणि पेंटेकॉस्टल घरात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारला गेला त्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतली बौद्ध मुलं तुमच्याकडे येतील, त्यांना "तुम्ही तसे हिंदूच ना" असं कुणी म्हणालं की तो तिथेच तुटलेला धागा समजा. शिवाय देव न मानणारी मुलंही असतात, त्यांनाही जागा हवी.

मिळवायची कुठून? फक्त कॉलेजच्या नोटीस बोर्डवर अवलंबून राहिलात तर एकाच प्रकारची, बोलकी, आधीच पटलेली मुलं येतात. पुण्यात कोथरूडच्या मुलाचा कोंढव्याशी किंवा येरवड्याशी संबंध येतच नाही, म्हणून स्वतः जाऊन अभ्यासिका, जिम, मशिदीचे ट्रस्टी, चर्चचा युवक गट, विहारातला संस्कार वर्ग, गणेश मंडळ इथून दोन-दोन मुलं मागून आणा. फॉर्ममध्ये 'धर्म' असा रकाना ठेवू नका, "घरात कुठले सण-उपास पाळले जातात" एवढं विचारा आणि ते रिकामं सोडायची मुभा द्या.

३. पालक आणि विश्वस्त

१८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची लेखी परवानगी, यात तडजोड नाही. पण नुसता कागद घरी पाठवू नका, जाऊन भेटा. आई-वडिलांच्या मनात एकच भीती असते, आमच्या मुलाला दुसरीकडे ओढतील, आमच्या मुलीचं नाव कुणाशी जोडलं जाईल. ती भीती त्यांनी बोलून दाखवायची वाट बघू नका, तुम्हीच आधी बोला. पत्र साधारण असं लिहा:

"या गटात मुलं एकमेकांच्या घरातल्या परंपरांबद्दल ऐकतील आणि काही प्रार्थनास्थळं बघतील. कुणालाही पूजा, नमाज, प्रार्थना यात भाग घ्यायला सांगितलं जाणार नाही. धर्म बदलण्याविषयी किंवा कुठल्या पक्षाविषयी प्रचार होणार नाही. प्रत्येक वेळी दोन मोठी माणसं हजर असतील, त्यातली एक बाई असेल. तुमच्या परवानगीशिवाय फोटो कुठेही टाकला जाणार नाही. तुम्ही कुठल्याही बैठकीला येऊन बसू शकता."

शेवटचं वाक्य नक्की ठेवा. येतं क्वचितच कुणी, पण ते लिहिलेलं बघून लोक निश्चिंत होतात.

ज्या प्रार्थनास्थळांना भेट देणार त्यांच्या विश्वस्तांकडेही आधी जा, भेटीच्या आदल्या दिवशी नाही तर महिनाभर आधी. त्यांना मुलांचे संभाव्य प्रश्न दाखवा आणि विचारा की यातलं काय विचारलेलं चालणार नाही. बऱ्याचदा ते म्हणतात सगळं विचारा.

४. तारखा, जागा, खाणं

कंटाळवाणं काम आहे पण निम्मे गट इथेच पडतात.

वार: शुक्रवारी दुपारी जुम्मा, शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंत ज्यूंचा शब्बाथ, रविवारी सकाळी मिस्सा किंवा उपासना. म्हणजे रविवार दुपार साडेतीननंतर सगळ्यात सोपी. कामाला जाणारी मुलं असतील तर तीही त्यांना विचारून ठरवा.

महिने: इस्लामी वर्ष चंद्रावर चालतं आणि आपल्या कॅलेंडरच्या मानाने दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतं, त्यामुळे गेल्या वर्षीचं वेळापत्रक तसंच उचलू नका. २०२६ मध्ये १८ फेब्रुवारीला ॲश वेन्सडे होता, ख्रिश्चनांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ तेव्हा सुरू झाला, आणि रमजानही त्याच सुमारास, आणि १९ ला शिवजयंती. अशा वेळी बैठक ठेवायची असेल तर मुद्दाम ठेवा, विषय हातात आहे, पण चुकून ठेवू नका. भाद्रपदात पर्युषण आणि गणपती बघा, आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा बौद्धांचा वर्षावास असतो तेव्हा विहारात प्रवचनं चालू असतात, ६ डिसेंबर आणि १४ एप्रिलला बौद्ध मुलं मोकळी नसतात, आणि परीक्षा तर सगळ्यांच्याच.

जागा: शक्यतो कुठल्याच देवाची नको. शाळेचा वर्ग, वाचनालय, समाजमंदिर. समाजमंदिरात गणपतीचा किंवा इतर कुठला मोठा फोटो असेल तर तो काढायला लावू नका, तसलं काही केलंत तर गट सुरू व्हायच्या आधी भांडण सुरू होईल, सरळ दुसरी खोली बघा.

खाणं: शाकाहारी, शक्यतो कांदा-लसूण-बटाटा नसलेलं काहीतरी एक तरी ताटात हवं. फळं, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, एवढ्यात बहुतेक सगळे बसतात, उपासवालेसुद्धा. रोजा असेल तर खाणं सूर्यास्तानंतर ठेवा किंवा ठेवूच नका.

*सावधान:* सुरुवात दीपप्रज्वलन आणि वंदनेने करू नका. आपल्याकडे ते इतकं सवयीचं आहे की धार्मिक वाटतच नाही, पण समोर बसलेल्या सगळ्यांना ते आपलं वाटत नाही, आणि कित्येक बौद्ध, मुस्लिम, ख्रिश्चन मुलं शाळेपासून तिथे गप्प उभी राहत आलेली असतात. दोन मिनिटं शांत बसा आणि सुरू करा. संविधानाची उद्देशिका वाचली तरी छान.

५. पहिल्या दोन बैठका: धर्माचं नावही नको

इथे लोकांचा धीर सुटतो. "मग संवाद कधी?" असं आयोजकच विचारतात. पण ज्याचं नाव माहीत नाही त्याला कुणी मनातलं विचारत नाही.

पहिल्या बैठकीत मोठ्या कागदावर आपल्या भागाचा नकाशा काढायला द्या, तीन-तीनच्या मिश्र गटात. चहा कुठे चांगला, रात्री कुठल्या गल्लीतून जायला नको वाटतं, मुलींना कुठे त्रास होतो, पाणी कुठे तुंबतं, घर भाड्याने मिळताना कुणाला काय विचारतात. हो, हा शेवटचा मुद्दा मुलं स्वतःच आणतात, तुम्ही आणायची गरज नाही, आला की फक्त लिहून ठेवा, आत्ता चर्चा नको.

दुसऱ्या बैठकीत बोलण्याचे नियम मुलांकडून लिहून घ्या. तुम्ही तयार यादी दिली तर ती भिंतीवर राहते. माझ्याकडे जवळजवळ प्रत्येक गटात फिरून फिरून हेच येतात: "मी" म्हणून बोलायचं, "आम्ही लोक" आणि "तुम्ही लोक" नाही, इथलं इथेच, उत्तर नको असेल तर 'पास' म्हणायचं, दुसऱ्याच्या धर्माबद्दल विधान नाही, प्रश्न विचारायचा, रेकॉर्डिंग नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप करायचाच असेल तर फक्त वेळ आणि ठिकाण कळवण्यासाठी, आणि मेसेज फक्त ॲडमिनने टाकायचे अशी सेटिंग पहिल्या दिवसापासून. रात्री अकराला आलेला एक फॉरवर्ड महिनाभराचं काम घालवतो. मुलांना हेही सांगून ठेवा की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धर्माच्या नावाने वैर पसरवण्यासाठी कलम १९६ आणि धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्यासाठी कलम २९९ आहे, पोलीस केस झाली की करिअरवर परिणाम होतो. भीती घालायला नाही, माहिती म्हणून.

*इथे थांबून बघा:* मुलं एकमेकांना नावाने हाक मारताहेत का? बैठक संपल्यावर दहा मिनिटं रेंगाळतात का? नसतील तर अजून एक अशीच बैठक घ्या, पुढे जाऊ नका.

६. तिसरी-चौथी बैठक: घरातल्या गोष्टी

आता धर्म येतो, पण घराच्या दारातून. प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची किंवा एका दिवसाबद्दल सांगायचं. तसबीह (मुस्लिम घरातली जपमाळ), आजीची तुळशीची माळ, बाप्तिस्म्याचा कागद, कडं, पंचशीलाची पुस्तिका, काहीही. तीन मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, मग प्रत्येकी एक प्रश्न.

चांगले चालणारे प्रश्न: तुझ्या घरात उपासाच्या दिवशी सकाळी काय होतं? लहानपणी कुठली गोष्ट तुला जबरदस्तीने करायला लावली? आजी करायची आणि आई करत नाही असं काय आहे? कुठल्या सणाला तुला एकटं वाटतं?

न चालणारे प्रश्न: तुमच्यात असं का करतात? तुमच्या ग्रंथात अमुक लिहिलंय ते खरं का? यात सोळा वर्षांच्या मुलाला धर्मपंडित बनवलं जातं आणि मग तो एकतर खोटं बोलतो नाहीतर चिडतो.

इथे एक मोह टाळा, "बघा, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" असं म्हणून बैठक गोड करायचा. मुलांना ते पटत नाही आणि ते खरंही नाही. मूर्ती असावी की नसावी, पुनर्जन्म आहे की नाही, येशू कोण होता, यावर माणसं मनापासून वेगळं मानतात. फरक तसाच राहू द्या. वेगळं मानणाऱ्याच्या शेजारी शांतपणे बसता येणं हे शिकायचंय, आणि ते फरक पुसून शिकता येत नाही.

याच टप्प्यावर जात बाहेर येते. कुणीतरी सांगतं की आमच्या गावात अमुक देवळात आम्ही बाहेरूनच नमस्कार करतो, किंवा चर्चमध्येही आडनाव बघतात, किंवा लग्नाला आमच्याच बिरादरीतलं लागतं. "तो वेगळा विषय" म्हणून बाजूला सारू नका, महाराष्ट्रात धर्माचं बोलणं जातीशिवाय पूर्ण होत नाही. ऐकून घ्या, वेळ वाढवा, लागली तर एक बैठक त्यालाच द्या.

७. पाचवी ते सातवी: प्रार्थनास्थळांच्या भेटी

एका दिवसात सहा ठिकाणं दाखवणारी सहल करू नका. मुलं थकतात, शेवटच्या ठिकाणी फक्त वॉशरूम विचारतात. दिवसाला दोन, फार तर.

पुण्यात हे चालत होतं. क्वार्टर गेटचं सिटी चर्च १७९२ चं, जागा पेशव्यांनी दिलेली, आणि तिथून रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग, म्हणजे बेने इस्राएली समाजाचं प्रार्थनास्थळ, १९२१ चं, पायी जाता येतं. दुसऱ्या रविवारी कॅम्पात गुरु नानक दरबार गुरुद्वारा आणि बाबाजान दर्गा. मोलेदिना रोडचं लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, त्यांची कबरही तिथेच आहे, पण सुरक्षेमुळे तिथे आधी लेखी परवानगी आणि प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं, आयत्या वेळी गेटवर वाद घालू नका. मुंबईत २००८ मध्ये नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झालाय, त्यांची काळजी समजून घ्या आणि मुलांनाही समजावून सांगा.

आणि स्वतःचं स्थळ विसरू नका. मारुतीचं देऊळ, गल्लीतलं विहार, जैन स्थानक ही 'माहितीची' म्हणून वगळली जातात आणि मग भेटी म्हणजे 'त्यांच्याकडे' जाणं एवढंच उरतं. कोथरूडच्या मुलाने स्वतःच्या देवळाबद्दल सांगताना त्याला किती कमी माहितीये हे त्याला कळणं, हाही या टप्प्याचा भाग आहे.

भेटीच्या आधीच्या बैठकीत हे सांगून ठेवा:

गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायचं, चप्पल बाहेर, हातपाय धुवायचे, खिशात तंबाखू-सिगारेट नको. लंगरमध्ये ताटात टाकायचं नाही, आणि जेवल्यावर भांडी घासायला बसा, ओळख सगळ्यात जास्त तिथे होते.

मशिदीत नमाजाच्या वेळा टाळून जा किंवा त्यांनीच "नमाज बघा" म्हटलं तर मागे शांत बसा. मुलींची जागा, ओढणी, पाळी यांबद्दल आधीच विचारून घ्या, कारण प्रत्येक मशिदीत पद्धत वेगळी आहे. काही शहरांत 'मस्जिद परिचय' नावाने खुले कार्यक्रम होतात, तसला असेल तर काम सोपं होतं.

कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा चालू असेल तर सगळे कम्युनियनला, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, उठतात तेव्हा तुम्ही उठू नका. पाहुणी मुलं रांगेत जाऊन उभी राहतात, प्रसाद समजून, आणि मग फादरची आणि त्यांची दोघांची पंचाईत. जागेवर बसून राहणं हाच आदर.

विहारात पायरीवर चप्पल, वंदना चालू असेल तर बसून ऐका. सिनेगॉगमध्ये पुरुषांनी डोकं झाकायचं.

अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही. इथे मुलं नाराज होतात, "मग कसला संवाद?" म्हणतात. नाना पेठेत अग्यारीच्या बाहेर थांबा, एखाद्या पारशी आजी-आजोबांना दुसरीकडे चहाला बोलवून त्यांच्याकडून ऐका. दार बंद असण्याचा हक्क मान्य करणं हाही यातला धडा आहे, आणि त्याच वेळी मुलांना राग आला असेल तर तो बोलू द्या. कुठल्या देवळात किंवा दर्ग्यात बायकांना आत सोडत नाहीत तिथेही हेच, नियम मोडायला लावायचं नाही आणि नियम बरोबर आहे असंही मुलींना सांगायचं नाही.

सगळ्या ठिकाणांसाठी एक वाक्य पाठ करून घ्या: "मी बघायला आलोय, भाग घेतला नाही तर चालेल ना?" ज्याला टिळा नको त्याने हात जोडून नको म्हणावं, ज्याला तीर्थ नको त्याने नको म्हणावं, कुणी गटातून त्याला ढकलायचं नाही. आणि ज्याला मनापासून नमस्कार करावासा वाटला त्यालाही कुणी चिडवायचं नाही.

*सावधान:* यजमानांपैकी कुणी भेटीत आपल्या धर्माचा प्रचार सुरू केला किंवा दुसऱ्याला नावं ठेवली, तर टीममधल्याने नम्रपणे मध्ये बोलायचं, "काका, मुलांना तुमची स्वतःची आठवण ऐकायचीय." बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. नाही आली तर आभार मानून निघा आणि बाहेर लगेच मुलांशी बोला, घरी गेल्यावर नाही.

भेट झाल्यावर तिथेच जवळ कुठेतरी बसून वीस मिनिटं: काय बघून बरं वाटलं, कुठे अवघडलं, काय विचारायचं राहिलं. राहिलेले प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात. हा डबा पुढच्या टप्प्याला लागतो.

८. आठवी-नववी: अवघड प्रश्न

आता काढा तो डबा. लव्ह जिहाद, गोमांस, धर्मांतर, आरक्षण, भोंगे, हिजाब, मणिपूर, काश्मीर, सगळं असतं त्यात, आणि तुम्ही टाळलंत तर मुलं हे रील्समध्येच ऐकत राहणार.

पद्धत अशी. चिठ्ठ्या वाचून मुलांनीच दोन प्रश्न निवडायचे, एका बैठकीला एकच. आधी जोड्या. एक जण पाच मिनिटं बोलतो की या विषयाचा माझ्या आयुष्याशी कुठे संबंध आला, दुसरा फक्त ऐकतो आणि मग "तू असं म्हणालास" म्हणून सांगतो. बोलणारा "हो, हेच म्हणालो" म्हणेपर्यंत दुसऱ्याची पाळी येत नाही. वेळ खातं हे, पण समोरचा काय म्हणाला ते न ऐकता उत्तर देण्याची सवय इथेच मोडते.

मग सगळे गोलात. मध्ये चार खुर्च्या, त्यावर बसलेल्यांनीच बोलायचं, ज्याला बोलायचंय त्याने उठून रिकाम्या खुर्चीवर जायचं. आकडे किंवा बातमी कुणी सांगितली तर एकच प्रश्न, "हे तू कुठे वाचलंस?" माहीत नसेल तर तो मुद्दा फळ्यावर 'तपासायचं' या खाली, आणि पुढच्या वेळी दोघांनी, शक्यतो वेगवेगळ्या बाजूंच्या, मिळून तपासून आणायचं.

कुणी अपमान केलाच तर? थांबवा, आणि ज्याला लागलं त्याला आधी विचारा की बोलायचंय का. बोलणाऱ्याला सगळ्यांसमोर झापू नका, पण "जाऊ दे, मस्करी केली" म्हणूनही सोडू नका. बैठकीनंतर त्याच्याशी वेगळं बोला. त्याला गटातून काढणं हा शेवटचा उपाय, कारण ज्याला हे सगळ्यात जास्त हवंय तोच बहुतेक वेळा असं बोलतो. अपवाद एकच, धमकी किंवा मुलींना त्रास, तिथे दुसरी संधी नाही.

गावात किंवा शहरात तणाव झाला, दगडफेक झाली, तर ठरलेली बैठक रेटू नका आणि मुलांना घराबाहेर काढू नका. त्याच संध्याकाळी प्रत्येकाला फोन करा, मेसेज नाही. "घरी सगळे ठीक आहेत ना, काही लागतंय का" एवढंच. परत भेटल्यावर पहिला अर्धा तास फक्त कुणाचं काय झालं ते ऐकायचं, दोष कुणाचा हे नाही.

*इथे थांबून बघा:* बैठक संपताना एखाद्या मुलाचा चेहरा बंद झालेला दिसतोय का? आज रात्रीच त्याच्याशी बोला.

९. हाताला काम

बोलून झालं की एकत्र काहीतरी करायचं, पण ते खऱ्या गरजेचं हवं. सर्वधर्म चित्र रंगवून भिंत भरू नका. पहिल्या बैठकीतला तो नकाशा काढा आणि त्यातला एक प्रश्न घ्या, अंधारी गल्ली, पाणी, अभ्यासिकेची वेळ.

दुसरा चांगला विषय म्हणजे मिरवणुका. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी नेला आणि सरकारने २९ ची सुट्टी जाहीर केली. २०२४ आणि २०२५ मध्येही तारखा शेजारी शेजारी आल्या आणि मुंबईत ईदची सुट्टी पुढे ढकलली गेली. मुलांना याची स्तुती लिहायला लावू नका, यामागचं काम शोधायला लावा. बैठक कुणी बोलावली, कोण आलं, मंडळांनी काय मान्य केलं, पोलिसांनी काय सांगितलं, कुणाला ते पटलं नाही आणि त्याचं काय झालं. आपल्या पेठेतल्या मंडळाच्या अध्यक्षाला आणि मशिदीच्या ट्रस्टीला मिश्र जोडीने जाऊन विचारायचं. सांगली जिल्ह्यात गोटखिंडीला गणपती मशिदीत बसतो हे सगळ्यांना बातमीतून माहीत असतं, पण आरतीची वेळ आणि नमाजाची वेळ कशी सांभाळतात हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि शिकण्यासारखं तर त्यातच आहे.

मग मुलं स्वतः मिरवणुकीत पाणी वाटणं, गर्दीत हरवलेल्या लहानग्यांचा बूथ, दुसऱ्या दिवशीची सफाई असलं काही ठरवतात. ठरवू द्या. टी-शर्टवर कुठल्या नेत्याचा किंवा पक्षाचा फोटो येत असेल तर स्पॉन्सर नको, साध्या टी-शर्टात काम होतं.

१०. शेवटची बैठक आणि वही

प्रमाणपत्र वाटपाला पाहुणे बोलवू नका. प्रत्येकाने दोन गोष्टी लिहायच्या, माझं कुठलं मत बदललं आणि कुठलं अजिबात बदललं नाही. दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची, तिला जागा दिली नाही तर मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहितात.

फोटोबद्दल परत एकदा सगळ्यांना विचारा, पालकांनी आधी हो म्हटलेलं असलं तरी. बारा आठवड्यांत परिस्थिती बदललेली असते.

एक जाड वही ठेवा आणि ती मुलांच्याच हातात द्या. कुठल्या ठिकाणी कुणाला भेटायचं, परवानगीला किती दिवस लागले, मुलींसाठी काय नियम होता, खायला काय चाललं आणि काय उरलं, कुठल्या प्रश्नावर बैठक अडली. पुढचा गट चालवायला यातल्याच दोघांना टीममध्ये घ्या, वेगवेगळ्या वस्तीतले, आणि त्यांची सुरुवात पहिल्या टप्प्यापासूनच करा, म्हणजे एकमेकांसमोर बसून "मला दुसऱ्या धर्मातलं काय खटकतं" इथून.